मिशीचा पीळ, वस्तऱ्याची धार

जेजुरीच्या खंडोबाला मिशी आहे, पंढरीच्या विठोबाला नाही. ज्योतिबाला आहे, रामाला नाही. आमच्या न्हावऱ्यात जुन्या घरांच्या देव्हाऱ्यात हे दोन्ही प्रकारचे देव शेजारी शेजारी बसलेले असतात. एकीकडे चांदीच्या टाकावर उठवलेला, घोड्यावर बसलेला मिशाळ खंडोबा, आणि त्याला खेटून पितळेचा रांगता बाळकृष्ण. बाळकृष्णाचे सोडून देऊ, त्याचे वयच नाही. पण राम तर धनुर्धारी, रावणाला मारणारा, संसारी राजा. तरी त्याच्या ओठावर आपल्या मूर्तिकारांनी मिसरूड फुटू दिले नाही. पुराणातले देव कायम कोवळ्या वयाचे दाखवायचे, असा संकेत आहे. गावच्या राखणदार देवांना तो लागू झाला नाही. ते गावातल्याच कर्त्या माणसासारखे घडले. त्यांना घोडा मिळाला, तलवार मिळाली, दोन बायका मिळाल्या आणि मिशीही मिळाली.

मी इतिहासाचा शिक्षक होतो आणि गेली अडतीस वर्षे मिशी बाळगून आहे. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचे निवृत्तीनंतर सुचले. मिशी वाढवणे, तिला वळण लावणे, तेल घालणे, पीळ देणे ही माणसाची अगदी खाजगी हौस आहे असे आपण धरून चालतो. जुन्या कागदांत आणि जुन्या माणसांत शिरल्यावर उलटेच दिसू लागते. ओठ आपला असला तरी त्यावरची मिशी फार काळ आपली नव्हती. ती बापाची होती, गावाची होती, पलटणीची होती. आपली झाली ती अलीकडे, आणि सगळ्यांची अजूनही झालेली नाही.

आधी भाषेकडे पाहावे, कारण मराठीने मिशीचा जमाखर्च नीट मांडून ठेवला आहे. पोराला 'मिसरूड फुटते' तेव्हा तो हिशेबात येतो. भरल्या पोटी माणूस 'मिशीवर ताव मारतो', पोट रिकामे असेल आणि लोकांना कळू द्यायचे नसेल तर 'मिशीला तूप लावून' बाहेर पडतो. पैज लावताना 'मिशी उतरवीन' म्हणतो. दुसऱ्याची फजिती पाहून 'मिशीतल्या मिशीत' हसतो. आकडेबाज, झुपकेदार, कल्लेदार, पिळदार, तलवारकट अशी नावे आहेत, आणि ज्या मिशीवर लिंबू ठरते तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या फिक्या. यातल्या बहुतेक वाक्प्रचारांत मिशी दुसऱ्याला दाखवायची वस्तू आहे. स्वतःच्या समाधानासाठी ठेवलेल्या मिशीसाठी मराठीत वाक्प्रचार शोधू गेलो तर 'मिशीतल्या मिशीत हसणे' एवढाच हाती लागतो, आणि त्यातही गंमत दुसऱ्याचीच असते.

आता बापाचे. वडील हयात असताना मुलाने मिशी काढायची नाही, ही समजूत आपल्याकडे फार खोल होती. मिशी उतरायची ती आईबापाच्या क्रियेला, डोक्याच्या केसांबरोबर. त्यामुळे तुळतुळीत चेहऱ्याचा मराठी माणूस म्हणजे चालती-बोलती बातमीच. माझे वडील १९९८ साली गेले. दशक्रियेच्या सकाळी घाटावर आम्ही तिघे भाऊ ओळीने बसलो. आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या न्हाव्याच्या घरातला माणूस पुढ्यात बसला, "गुरुजी, मान वर करा" म्हणाला, आणि पाण्याच्या दोन सपकाऱ्यांत बारा वर्षांची मिशी माझ्या मांडीवर पडली. दुसऱ्या दिवशी शिरूरला बाजारात गेलो. ओळखीचे नसलेले तीन जण थांबले. कोण गेले हे एकानेही विचारले नाही, "कधी गेले?" एवढेच विचारले. पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ एरवीही रोज गुळगुळीत दाढी करणारा. त्याला तिकडे कुणी काहीच विचारले नाही, आणि हे त्याला जास्त लागले असे तो पुढे एकदा बोलला.

या रिवाजाचा मोठा अडथळा झाला तो नाटकाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटक उभे राहिले. शकुंतला आणि तिच्या सख्या अर्थातच पुरुष. स्त्रीपार्टी नटाला मिशी ठेवून चालत नाही आणि बाप जिवंत असला तर काढूनही चालत नाही. बालगंधर्वांच्या शालूंवर, दागिन्यांवर आपण पुष्कळ लिहिले आहे. त्या शालूच्या आधी एक वस्तरा चालत होता आणि त्या वस्तऱ्याला घरची परवानगी लागत होती, याकडे जरा कमी लक्ष गेले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, १९१३ साली, तारामती झाले ते साळुंके. मिशी उतरवायला कुरकुरणाऱ्या नटांची फाळक्यांना कशी मनधरणी करावी लागली, हे परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये मोठ्या मजेने आले आहे. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. सीतेसाठी उतरवलेली मिशी रामालाही अडली नाही. देव्हाऱ्यातला राम आधीपासूनच बिनमिशीचा होता म्हणून हे जमले. खंडोबा आणि म्हाळसा अशी जोडी असती तर साळुंक्यांना एकालाच निवडावे लागले असते.

न्हावऱ्याहून दक्षिणेला निघालेला रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात चौफुल्याला जातो, आणि चौफुला म्हटले की आमच्या भागात अजूनही कलाकेंद्रेच आठवतात. तमाशातल्या नाच्याची गोष्ट संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टीहून कठोर आहे. बालगंधर्वांच्या वाट्याला कौतुक आले, नाच्याच्या वाट्याला टिंगल. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होतो तेव्हा गाव त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, त्यात या एका उतरवलेल्या मिशीचा वाटा मोठा आहे.

पण वस्तरा धरणारा हात कुणाचा, हे पाहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. बारा बलुतेदारांत न्हावी आला. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'त बलुत्याची ही सगळी व्यवस्था तपशिलाने मिळते. न्हाव्याची घरे ठरलेली आणि घराचा न्हावी ठरलेला. रोख पैसा नाही, सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा. कातडी धोकटीत वस्तरा, कातर, चिमटा, नखे काढायची नराणी, वस्तरा लावायचा पट्टा, पाण्याची वाटी आणि एक डागाळलेला आरसा. लिंबाखाली किंवा ओसरीच्या कडेला उकिडवे बसायचे, न्हाव्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. साबण नव्हता तेव्हा नुसते पाणी चोळून केस मऊ करायचे, आणि केस किती मऊ होणार ते न्हाव्याच्या अंगठ्यात किती जीव आहे त्यावर अवलंबून. माझे आजोबा सांगत की चांगला न्हावी ओळखायचा तो वस्तऱ्यावरून नव्हे, अंगठ्यावरून. मिशीची कड साधताना तो वरचा ओठ चिमटीत धरी, तेव्हा पाटलालासुद्धा बोलता येत नसे. गावात पाटलाला गप्प बसवायचा अधिकार असलेला हा एकच माणूस, तोही घटकाभर.

याच वर्गातून सेना महाराज झाले. आषाढी-कार्तिकीला ज्यांची नावे आपण घेतो त्या संतांत धोकटी खांद्याला लावलेला एक आहे, हे न्हावी समाजाने अभिमानाने जपले आहे. १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांचा वेश घेऊन सिद्दी जौहरच्या छावणीत गेलेला शिवा काशीद परंपरेने न्हावीच. महाराजांची दाढी-मिशी ज्याला जवळून ठाऊक, तोच महाराजांसारखा दिसू शकतो, असे माझ्या वर्गातली पोरे दरवर्षी न शिकवता सांगत.

हाच हात काही दारांत जात नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या लहानपणाबद्दल लिहून ठेवले आहे: गावात न्हावी पुष्कळ होते, द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही तयार नव्हता, म्हणून भावंडांचे केस थोरली बहीण कापत असे. सुभेदाराच्या घरची ही कथा. पुण्याहून शिरूरला येताना भीमेकाठी कोरेगावचा विजयस्तंभ लागतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची जी पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढली, तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. ज्या आळीत गावचा न्हावी पाऊल टाकत नव्हता त्या आळीतून आलेल्या माणसांच्या चेहऱ्याचा नियम आता गावाऐवजी पलटण ठरवणार होती. हा बदल किती मोठा, ते आरशात पाहण्याची सवय असलेल्या आपल्याला चटकन उमगत नाही.

वस्तऱ्याला नकार देण्याचीही एक गोष्ट आमच्याच तालुक्यात आहे, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. पुरुषाची मिशी बाप गेल्यावर एकदा उतरे आणि दोन महिन्यांत परत येई. वरच्या जातींतल्या विधवेचे केस मात्र नवरा गेल्यावर उतरत ते जन्मभर उतरत राहत, आणि ते काम त्याच न्हाव्याच्या माथी. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात विधवांच्या केशवपनाविरुद्ध न्हाव्यांनी केलेल्या संपांचा उल्लेख येतो, त्यात ओतूरबरोबर तळेगाव ढमढेऱ्याचे नाव आहे. तळेगाव न्हावऱ्याहून एका सरळ रस्त्याने जोडलेले. मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र जमले आणि आपण हे पाप करणार नाही असे त्यांनी ठरवले. सुधारकांनी व्याख्याने दिली, आगरकरांनी लेखणी झिजवली, ते सगळे मोलाचेच. पण वस्तरा ज्याच्या हातात होता त्याने तो खाली ठेवला, आणि ठेवताना खळ्यावरच्या धान्यावर पाणी सोडायची तयारी ठेवली. शाळेच्या पुस्तकात याला एक ओळ मिळते.

आता शिरूरच्या छावणीकडे वळू. १८१७ च्या पुणे तहानंतर उभ्या राहिलेल्या घोडदळाचे, म्हणजे पुढच्या पूना हॉर्सचे, ठाणे बरीच वर्षे शिरूरला होते, आणि लष्कर आणि मिशी यांचे नाते त्या काळात फार विचित्र वळणांनी गेले. १८०६ साली मद्रासच्या फौजेत हुकूम निघाला की शिपायांनी कपाळावरची गंधे पुसावीत, दाढी काढावी, मिशी ठरल्या मापाची कातरावी आणि नव्या नमुन्याची टोपीवजा पगडी घालावी. १० जुलैला वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. कारणे इतरही होती, पण शिपायाच्या ओठाला हात घालणे सोपे नाही, एवढे कंपनीला उमगले. त्यानंतर जे घडले त्याला मी काव्यगत न्याय म्हणेन. एतद्देशीय लोक बिनमिशीच्या गोऱ्यांना बायकी समजतात हे साहेबाला टोचू लागले, आणि १८५४ साली कंपनीच्या मुंबई फौजेत गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची झाली. पुढे सबंध ब्रिटिश लष्करात वरच्या ओठाला वस्तरा लावायचा नाही असा नियमच झाला, आणि तो पहिले महायुद्ध निम्मे उलटेपर्यंत टिकला. ऑक्टोबर १९१६ मध्ये तो रद्द करणारा हुकूम जनरल नेविल मॅक्रेडी यांच्या सहीने निघाला. या मॅक्रेडींना स्वतःची मिशी अजिबात आवडत नसे, आणि सही केल्यावर ते तडक न्हाव्याकडे गेले, असे सांगतात. इंग्रजांकडून आपण काय काय घेतले याच्या याद्या पुष्कळ झाल्या. आपल्याकडून त्यांनी घेतलेल्या वस्तूंत मिशी धरायला हरकत नाही.

मिशी माणसाच्या स्वतःच्या हातात आली ती एका पत्र्याच्या पातीमुळे. अमेरिकेत किंग जिलेट यांनी सुटे पाते बसवायचा वस्तरा विकायला काढला, तेव्हा १९०३ साली, पहिल्या वर्षी, एकूण ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी आकडा हजारांत गेला. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पडशीत हे यंत्र शिरले आणि मग जगभर पसरले. आमच्या घरी ते आले आजोबांच्या उतारवयात. आरसा खिडकीच्या गजाला टांगून ते स्वतःची दाढी स्वतः करू लागले, आणि घरचा न्हावी नाराज होऊ नये म्हणून खळ्यावरचे माप पूर्वीइतकेच देत राहिले. वडिलांनी मात्र ते बंद करून रोख पैसे सुरू केले. घराने न्हावी निवडायचा आणि न्हाव्याने गिऱ्हाईक निवडायचे, अशी सोय दोघांनाही मिळाली ती तिथून.

आणि मग हौस. तिच्याबद्दल चार अनुभवाच्या गोष्टी लिहितो, कारण संशोधनात्मक लेखातही वाचकाला काही उपयोगाचे मिळाले पाहिजे. सारखा वस्तरा फिरवला की मिशी दाट येते, ही समजूत खोटी. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे तपासून निकालात काढले. केस त्वचेच्या आत वाढतो, बाहेर दिसतो तो मेलेला भाग, त्याला वस्तऱ्याची खबरही नसते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ लागतो, इतकेच. मिशी वाढायला लागणारा पहिला दीड-दोन महिन्यांचा काळ वाईट. केस ओठावर येतात, टोचतात, बायको तोंड फिरवते, वर्गातली पोरे फळ्यावर चित्रे काढतात. या काळात कातर लावायची नाही. फक्त फणी घेऊन नाकाखालच्या मध्यापासून दोन्हीकडे, रोज, एकाच दिशेने. ओठावरचा केस जन्मतः खाली वळलेला असतो, त्याला बाजूला जायची सवय लागायला तीनेक महिने जातात. कातरायची ती कोरडी मिशी. ओला केस लांब दिसतो, आपण ओठाची कड बघून कातरतो, आणि वाळल्यावर तो आखडून वर चढतो. मग एक बाजू जमवायला दुसरी, दुसरीला जमवायला पहिली, आणि शेवटी तलवारकट. गावातल्या कित्येक तलवारकट मिशा अशाच अपघाताने जन्मल्या आहेत.

आजोबा बोटाला एरंडेलाचा एक थेंब लावत, तळहातावर घासत आणि अंगठा व तर्जनीने टोकापर्यंत ओढत. आकडा उभा राहावा म्हणून लग्नकार्याला थोडे मधमाशीचे मेण त्यात विरघळवून घेत. बाजारातल्या डबीतले मिशीचे मेण मी वापरून पाहिले, त्याला वास फार. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे हवेत धूळ आणि राख असते, तेव्हा तेल बेतानेच लावावे, नाहीतर मिशी संध्याकाळपर्यंत केरसुणी होते. ताक पिताना वरचा ओठ आत घ्यावा. चहा बशीतून प्यावा. विलायतेत मिशी भिजू नये म्हणून आतून आडवी पट्टी बसवलेला खास कप निघाला होता. आपल्या बशीने ते काम बिनखर्चात केले. भुरका मारला की चहा मिशीखालून थेट आत जातो. आणि सगळे झाल्यावर, दुपारी जेवून ओसरीवर बसले असताना, काही काम नाही, कुणी पाहत नाही, अशा वेळी बोटे आपोआप टोकाकडे जातात आणि एक हलका पीळ बसतो. त्या घटकेत माणूस विचार करतो असे बघणाऱ्याला वाटते. तो काहीही विचार करत नसतो. यासारखे सुख कमी आहे.

हे सुख कुणाला खुपते, तेही लिहिले पाहिजे. २०१७ च्या सप्टेंबरात गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावी दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. त्यावर त्या राज्यातल्या शेकडो तरुणांनी आपल्या मोबाईलवर स्वतःच्या फोटोच्या जागी पिळदार मिशी आणि मुकुटाचे चित्र लावले. ना मोर्चा, ना दगड, नुसती मिशी. १८०६ च्या वेल्लोरच्या हुकमात मिशी किती कातरायची ते लिहिले होते, इथे ती ठेवायचीच नाही असे सांगितले गेले. वर लष्कर होते, इथे शेजारी होते.

न्हावऱ्यात आता चौकात केशकर्तनालये आहेत. फिरत्या खुर्च्या आहेत, भिंतीवर नटांचे फोटो आहेत, आणि कुठल्याही आळीतला पोरगा आत येऊन त्याच खुर्चीत बसतो, त्याच फोटोकडे बोट दाखवतो. माझ्या माहितीतले एक दुकान ज्याचे आहे तो माझा जुना विद्यार्थी. २०१९ साली वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानातून परत आले त्या आठवड्यात त्याने त्यांच्यासारख्या इतक्या मिशा कोरल्या की कातर दोनदा लावून घ्यावी लागली. त्याचे वडील म्हातारे झाले आहेत, दुपारी दुकानात बाकावर येऊन बसतात. त्यांची धोकटी अजून घरात आहे. गावातल्या कुठल्या कुठल्या घरी ते जात, हे ते आळीवार, घरवार सांगतात, कुणाचा केस राठ, कुणाच्या हनुवटीवर भोवरा, हेदेखील. मी एकदा विचारले, "आणि अण्णा, कुठे जात नव्हता?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खुर्चीतल्या पोराकडे पाहिले. पोरगा त्याच आळीतला होता, आणि डोळे मिटून, मान मागे टाकून, मिशीची कड साधून घेत होता. म्हातारा उठला, मुलाच्या हातून कातर घेतली आणि डावी बाजू अर्धा दाणा जास्त राहिली होती ती स्वतः बरोबर केली.